प्लेट रीडरचा डेटा, एकाच वेलचे तीन वेगवेगळे डबलिंग टाइम – कोड न येणाऱ्यांनी कुठलं सॉफ्टवेअर वापरावं?

खारं_पाणी
नमस्कार सगळ्यांना. एमएस्सी मायक्रोच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज तालुक्याच्या गावातलं, डिझर्टेशन सबमिट करायची तारीख जवळ आलीय आणि मी डेटापाशी येऊन अडकलेय. आमच्या डिपार्टमेंटकडे लोणारच्या सरोवरातून पूर्वी वेगळे केलेले काही आयसोलेट स्लँटवर जपलेले आहेत, त्यातला एक बॅसिलससारखा दिसणारा मी घेतलाय आणि तो पीएच ७, ८, ९ आणि १० ला कसा वाढतो एवढंच बघायचंय. आमच्याकडे प्लेट रीडर (प्रत्येक खळग्याचं रीडिंग आपोआप घेणारं मशीन) नाही, शेजारच्या विद्यापीठात एक दिवस मिळाला, तिथे ९६ वेलची म्हणजे ९६ छोट्या खळग्यांची प्लेट लावली, प्रत्येक वेलमध्ये २०० मायक्रोलिटर, ३७ डिग्री, दर १५ मिनिटांनी ओडी ६०० (कल्चर किती गढूळ झालं त्याचा आकडा), पूर्ण २४ तास. म्हणजे ९७ वेळा ९६, एकूण ९३१२ आकडे एका एक्सेल शीटमध्ये घेऊन घरी आले आणि तेव्हापासून झोप नाही.

मला कोडिंग येत नाही. प्रिझम हे विकतचं सॉफ्टवेअर घ्यायला पैसे नाहीत, लॅपटॉप ४ जीबी रॅमचा आहे. तरी जे जे फुकट मिळालं ते करून बघितलं. सी-५ ही एकच वेल घेते उदाहरणाला, पीएच ९ ची आहे. एक्सेलमध्ये आलेखावर एक्स्पोनेन्शियल ट्रेंडलाइन टाकली तर डबलिंग टाइम (जिवाणू दुप्पट व्हायला लागणारा वेळ) निघाला साडेसात तास. मैत्रिणीच्या भावाने आर या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ग्रोथकर्व्हर नावाचं पॅकेज चालवून दिलं तर त्यात टी-जेन, म्हणजे तोच डबलिंग टाइम, आला ०.०४२. आणि डॅशिंग ग्रोथ कर्व्ह्ज नावाची वेबसाइट आहे त्यावर टाकलं तर १.९ तास. वेल एकच, आकडे तेच, उत्तरं तीन. गाईडना विचारलं तर ते म्हणाले जे पेपरमध्ये वापरतात ते वापर. पेपरमध्ये तर प्रत्येकाचं वेगळं आहे. कुठलं सॉफ्टवेअर बरोबर आहे हे कोणी सांगू शकेल का?

ग्राफ_आणि_गुळपोळी
सॉफ्टवेअर तिन्ही बरोबर आहेत. तिघांना तू वेगवेगळी माहिती दिलीयस इतकंच. आधी ०.०४२ कडे बघ. हे तास आहेत असं धरलं तर अडीच मिनिटांत दुप्पट. सगळ्यात वेगाने वाढणाऱ्यांत ज्याचं नाव घेतात तो व्हिब्रिओ नॅट्रिजेन्ससुद्धा दहा मिनिटांच्या आसपास असतो, त्यामुळे अडीच मिनिटं शक्यच नाही हे आधी मनात पक्कं कर. आता ०.०४२ ला २४ ने गुण. एक तास येतो की नाही?

तुझ्या वेळेच्या कॉलममध्ये ०:१५:०० असं लिहिलेलं असणार. एक्सेल ते आतमध्ये दिवसाचा अंश म्हणून ठेवतं, १५ मिनिटं म्हणजे ०.०१०४. सीएसव्ही करताना किंवा आर मध्ये वाचताना तो अंश तसाच्या तसा गेला आणि ग्रोथकर्व्हरने तुला उत्तरही दिवसातच दिलं, त्याची चूक काहीच नाही, तू जे एकक देशील त्याच एककात ते उत्तर देतं. उपाय सोपा आहे, शेजारी नवीन कॉलम कर, जुन्या वेळेला २४ ने गुण, सेलचा फॉरमॅट नंबर कर, ०, ०.२५, ०.५, ०.७५ असं दिसायला लागलं की झालं. हाच कॉलम सगळीकडे वापर. आणि शेवटची ओळ बघ, २४ वा तास काही वेळा ०:०० असा दिसतो, टेक्स्ट म्हणून गेला तर सॉफ्टवेअरला वाटतं की आपण परत सुरुवातीला आलो.

आता सी-५ चे तासातासाचे कच्चे आकडे इथे टाक, आणि ब्लँक, म्हणजे जिवाणू न घातलेल्या नुसत्या मीडियाचं (पोषक द्रावणाचं) रीडिंग, किती आहे तेही सांग. १.९ तास कुठून आले याचा मला अंदाज आहे पण आकडे बघून बोलतो.

खारं_पाणी
दादा खरंच ०:१५:०० च आहे!! सी-५ चे आकडे देते. २ तासांना ०.११५, ३ ला ०.१४, ४ ला ०.१९, ५ ला ०.२९, ६ ला ०.४७, ७ ला ०.७१, मग हळूहळू वाढत १२ व्या तासाला १.०८ आणि त्यापुढे जवळजवळ तेवढंच. ब्लँक ०.०९ आहे. वेबसाइटवर टाकताना मी ब्लँक वजा केलेलं नव्हतं, मला वाटलं ते आपोआप होतं.

ग्राफ_आणि_गुळपोळी
मग सापडलं. कागदावरच करून बघू, सॉफ्टवेअर लागत नाही. कच्चे आकडे घेतले तर तिसऱ्या तासाला ०.१४, पाचव्याला ०.२९. ०.२९ भागिले ०.१४ चा नॅचरल लॉग ०.७२८, दोन तासांवर वाटला की ०.३६४ दर तासाला, आणि ०.६९३ (२ चा नॅचरल लॉग) ला त्याने भागलं की १.९ तास. तुझं वेबसाइटचं उत्तर.

आता प्रत्येकातून ०.०९ वजा कर. २ तासांना ०.०२५, ३ ला ०.०५, ४ ला ०.१०, ५ ला ०.२०. डोळ्यांनी दिसतंय, दर तासाला बरोबर दुप्पट. डबलिंग टाइम एक तास. म्हणजे फक्त ब्लँक वजा न केल्यामुळे तुझा जिवाणू जवळजवळ निम्म्या वेगाने वाढतोय असं दिसत होतं. ग्रोथकर्व्हरला काही सांगितलं नाही तर ते प्रत्येक वेलमधला सगळ्यात छोटा आकडा ब्लँक समजून वजा करतं, म्हणून तिथे एककाची चूक सोडली तर उत्तर नीट आलं.

साडेसात तासांचं कारण अजून वेगळं. तू ट्रेंडलाइन टाकलीस पूर्ण २४ तासांवर, त्यातले निम्म्याहून जास्त तास तो वाढतच नाहीये, स्टेशनरी म्हणजे वाढ थांबलेल्या टप्प्यात बसलाय. सगळ्याची मिळून सरासरी काढल्यासारखं झालं. ट्रेंडलाइन फक्त त्या तुकड्यावर टाकायची जिथे लॉग घेतल्यावर सरळ रेषा येते, तुझ्याकडे तो तुकडा साधारण २ ते ५ तास आहे, सहाव्या तासाला ०.३८ म्हणजे दुपटीला थोडं कमी पडलं, सातव्याला ०.६२, अजून कमी. तिथून रेषा वाकायला लागली.

जुना_मायक्रो
मी ही चर्चा वाचून लिहितोय, आयुष्यभर हाच विषय शिकवला. मुली, तू आलेख कुठल्या अक्षावर काढलास? साध्या अक्षावर काढला असशील तर तो इंग्रजी एस सारखा सुंदर दिसतो आणि त्यात काहीच कळत नाही. आम्ही सेमीलॉग पेपर (ज्याचा उभा अक्ष लॉगचा असतो) वापरायचो, कलरीमीटरवर दर अर्ध्या तासाने रीडिंग, रात्री दोन जणांनी आळीपाळीने थांबायचं, आणि पेपरवर टिंब टाकली की पट्टी ठेवून बघायचं किती टिंबं एका रेषेत बसतात. तेवढीच लॉग फेज, म्हणजे ठरावीक वेळात दुप्पट होत जाण्याचा टप्पा, बाकीची नाही. एक्सेलमध्ये उभ्या अक्षावर क्लिक करून लॉगरिदमिक स्केल असा पर्याय आहे, तो लाव. पट्टी ठेवायचीच, मग ती स्क्रीनवर ठेव.

मोनोने १९४९ मध्ये वाढीचे सहा टप्पे मांडले होते, लॅग (वाढ सुरू होण्याआधीचा थांबा), मग वेग वाढण्याचा, मग एक्स्पोनेन्शियल, मग वेग कमी होण्याचा, स्टेशनरी आणि शेवटी ऱ्हास. पुस्तकांनी त्याचे चार केले आणि मधले दोन वळणाचे टप्पे मुलांच्या नजरेतून गेले. मुलं चुकतात ती नेमकी त्या दोन वळणांवर, वळणातली टिंबं सरळ रेषेत धरतात. तू पाच ते सात तासांची टिंबं धरलीस तर वेग कमी येईल, पहिल्या तासाची धरलीस तरी कमी येईल.

विरजण
मी डेअरीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) आहे, कोल्हापूर भागात. मला ताई म्हटलं तरी चालेल. सगळे आकड्यांबद्दल बोलताहेत, मला प्लेटबद्दल विचारायचंय. ब्लँक तू कुठल्या पीएचच्या मीडियाचा लावलास? एकच ब्लँक की चारही पीएचचे वेगळे? आणि मीडिया कुठला, सोडा कसा घातलास?

खारं_पाणी
ताई, ब्लँक फक्त पीएच ७ चा, चार वेल. मीडिया होरिकोशी (जास्त पीएचला वाढणाऱ्या जिवाणूंसाठीचा), पीएच सोडियम कार्बोनेटने वाढवला, कार्बोनेट वेगळं ऑटोक्लेव्ह करून नंतर घातलं. चुकलं का काही?

विरजण
कार्बोनेट वेगळं केलंस हे बरोबर केलंस, ग्लुकोजबरोबर एकत्र ऑटोक्लेव्ह केलं असतंस तर मीडिया तपकिरी झाला असता आणि ओडीचं सगळंच बिघडलं असतं. पण ब्लँकचा प्रश्न आहे. होरिकोशीत मॅग्नेशियम सल्फेट असतं, पेप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधून थोडं कॅल्शियम येतं, पीएच १० ला कार्बोनेट आणि फॉस्फेटबरोबर त्याचा बारीक साका धरतो. फ्लास्क उजेडासमोर धरून हलव, तळाशी धुरासारखं उठताना दिसेल. तो साका प्लेट रीडरला वाढच वाटतो. त्यामुळे पीएच १० च्या मीडियाची ओडी जिवाणू न घालताच ०.०९ पेक्षा जास्त असणार, आणि तू सगळ्यांतून ०.०९ वजा करतेयस. पीएच ७ आणि ८ ला फरक पडणार नाही कदाचित, १० ला नक्की पडेल. तुझ्या पीएच १० च्या वेलचं पहिलं रीडिंग किती आहे बघ.

आम्ही दह्याच्या कल्चरचं कधीच ओडीवर करत नाही, दूध मुळातच पांढरं, तिथे दर दोन तासांनी प्लेट काउंट. त्यासाठी कॉमबेस म्हणून फुकट वेबसाइट आहे, फूड मायक्रोसाठी बनवलेली, त्यात डीएमफिट आहे, तो बरान्यीच्या मॉडेलने लॅग आणि वेग दोन्ही काढून देतो. पण त्याला सीएफयूचा (प्लेटवर मोजलेल्या कॉलनींच्या संख्येचा) बेस १० चा लॉग द्यावा लागतो. तिथे ओडी तशीच नेऊन टाकू नकोस, आणि तिथून निघालेल्या वेगाला २.३०३ ने गुणल्याशिवाय तुझ्या आकड्यांशी तुलना करू नकोस.

खारं_पाणी
ताई बघितलं. पीएच १० च्या तिन्ही वेल ०.१३ च्या आसपास सुरू होतात, आणि मी त्याला इनॉक्युलम (सुरुवातीला घालायचं कल्चर) जास्त पडलं असं समजत होते. आता काय करू, सगळं परत?

ग्राफ_आणि_गुळपोळी
विद्यापीठात अजून एक दिवस मिळत असेल तर परत लाव. नसेल मिळत तर निदान चारही मीडिया तिथे नेऊन तासाभरात नुसते ब्लँक वाचून घे. पण शक्य असेल तर पूर्ण रन कर, कारण साका पहिले एक-दोन तास हळूहळू बसतो आणि ब्लँकसुद्धा वेळेनुसार बदलतो. ब्लँकचीही दर १५ मिनिटांची रीडिंग तुझ्याकडे असतील, तर त्या वेळेचा ब्लँक त्याच वेळेच्या रीडिंगमधून वजा करता येतो.

परत लावणारच असशील तर दोन गोष्टी अजून. बाहेरच्या कडेच्या ३६ वेलमध्ये सॅम्पल घालू नकोस, नुसतं निर्जंतुक पाणी घाल, २४ तासांत कडेच्या वेल आधी सुकतात आणि त्यांची ओडी भरवशाची राहत नाही. आतल्या ६० वेल तुला पुरेशा आहेत. आणि झाकणाला आतून वाफ धरली का हे काढताना बघ. वाफ धरली की रीडिंग मध्येच वर उडी मारतं आणि परत खाली येतं, सॉफ्टवेअर त्या उडीला सगळ्यात वेगवान वाढ समजतं.

तीन_वेल_म्हणजे_तीन_नव्हे
मध्येच घुसतोय, जर्मनीत पोस्टडॉक करतोय, मूळचा नांदेडचा. ताईने आणि दादाने जे सांगितलं ते पाळलंस तर अर्धं काम झालं. आता सॉफ्टवेअरबद्दल बोलतो कारण मूळ प्रश्न तोच होता आणि तो योग्य प्रश्न आहे, ज्यांच्याकडे पैसे नाहीत आणि कोड येत नाही त्यांनी काय करावं हे कोणी नीट सांगत नाही.

तुला आत्ता सगळ्यात सोपं डॅशिंग ग्रोथ कर्व्ह्ज पडेल, ते ईटीएच झुरिकच्या लोकांनी बनवलंय, ब्राउझरमध्ये चालतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, ४ जीबी रॅमवर अडचण नाही. त्यात मला आवडतं ते हे की लॉग अक्षावर प्रत्येक वेल दिसते, त्याने कुठला तुकडा धरला ते दिसतं आणि पटलं नाही तर तो तुकडा तू स्वतः बदलू शकतेस. सर पट्टीबद्दल बोलले ना, तीच पट्टी आहे ही. फक्त ब्लँक तुझा तू आधी वजा करून दे.

दुसरं क्यूर्व्ह, लिहितात क्यू, यू, आर, व्ही, ई. आर मधलंच आहे पण एकदा सुरू केलं की ब्राउझरमध्ये बटणांची खिडकी उघडते, कोड लिहावा लागत नाही. सरळ रेषा, मॉडेल, स्प्लाइन (टिंबांमधून जाणारी लवचिक रेषा) तिन्ही पद्धतींनी उत्तर शेजारी शेजारी देतं आणि डोस रिस्पॉन्सही काढतं. इन्स्टॉल करताना मात्र त्याच्या मागे बरीच पॅकेजं येतात, नेट चांगलं असेल तिथे बसून कर.

ग्रोथकर्व्हर २०१६ चं आहे, लहान आणि वेगवान, पण ते सगळ्यांना लॉजिस्टिक, म्हणजे ठरावीक एस आकाराचा, वक्रच घालतं. तुझा वक्र मध्ये थांबून परत चढला, म्हणजे ग्लुकोज संपलं आणि मग पेप्टोनवर गेला असं झालं, तर लॉजिस्टिकला ते कळत नाही, ते दोन्ही चढ मिळून एक गुळगुळीत रेषा काढून मोकळं होतं. शेवटच्या नोट नावाच्या कॉलममध्ये संशयास्पद फिट असा शेरा येतो तो जरूर वाच, बरेच जण तो कॉलमच डिलीट करतात. आणि एका प्लेटला ते एकच ब्लँक कॉलम घेतं, तुझ्याकडे चार मीडिया आहेत, म्हणून ब्लँक एक्सेलमध्ये तू वजा कर आणि ग्रोथकर्व्हरला सांग की आता काही वजा करू नकोस.

पुढे पीएचडीला गेलीस आणि आर शिकलीस तर जीसीप्लायर बघ, ते मॉडेल घालतच नाही, सरळ तुझ्या आकड्यांवरून उतार काढतं, आणि कुठल्या वेलमध्ये काय होतं तो नकाशा डेटाला जोडून देतं. माझ्या मते चुका तिथेच सगळ्यात जास्त होतात, सी-५ मध्ये पीएच ९ होता की ८ हे चार महिन्यांनी आठवत नाही. आत्ता ते नको, पण प्लेटचा नकाशा कागदावर काढून त्याचा फोटो डेटाच्या फोल्डरमध्येच ठेव.

आता माझ्या नावाची गोष्ट. तू म्हणतेस तिन्ही वेल, म्हणजे एकाच फ्लास्कमधून तीन वेल भरल्यास ना? ते तीन प्रयोग नाहीत, तो एकच प्रयोग तीनदा वाचलाय. एरर बार लावून एन बरोबर ३ (म्हणजे तीन स्वतंत्र प्रयोग) लिहिलंस तर व्हायवाला नीट परीक्षक असेल तर पकडेल. वेगवेगळ्या दिवशी किंवा निदान वेगवेगळ्या कॉलनीवरून तीन कल्चर लाव. आणि तिन्ही वेलची आधी सरासरी काढून मग उतार काढू नकोस. एकाची लॅग तीन तास, दुसऱ्याची चार, तिसऱ्याची पाच असेल तर सरासरीचा वक्र तिन्हींपेक्षा पसरट होतो आणि वेग कमी दिसतो. आधी प्रत्येक वेलचा वेग, मग त्यांची सरासरी.

जुना_मायक्रो
शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. मी स्वतः किती तरी प्रोजेक्टमध्ये एकाच फ्लास्कच्या तीन वेलना तीन प्रयोग म्हणून जाऊ दिलं असेल, आज वाईट वाटतं. आमच्याकडे तेव्हा हे कोणी बोलायचं नाही. मुली, हे एवढं जरी केलंस तरी तुझं डिझर्टेशन चांगलं होईल.

खारं_पाणी
एक शंका. ब्लँक वजा केल्यावर पहिल्या तासाच्या काही सेल मायनसमध्ये जातात, ०.००२ मायनस वगैरे, आणि त्याचा एलएन (नॅचरल लॉग) काढला की एक्सेल एरर देतं. कोणी सांगितलं की तिथे ०.००१ टाकून दे. टाकू का?

ग्राफ_आणि_गुळपोळी
नको! अजिबात टाकू नकोस. ०.००१ वरून ०.००८ वर गेला की लॉगमध्ये ती आठपट वाढ दिसते, खरं तर तो नुसता रीडरचा थरथराट आहे. काही सॉफ्टवेअर सलग पाच टिंबांची खिडकी सरकवत नेतात आणि सगळ्यात तीव्र उतार निवडतात, आर मधल्या ग्रोथरेट्समध्ये ती पद्धत आहे, पद्धत चांगली आहे पण तुझ्या १५ मिनिटांच्या रीडिंगला पाच टिंबं म्हणजे फक्त एक तास, आणि तो तास जर थरथराटातला निवडला गेला तर वेग भलताच येतो. मायनसच्या सेल रिकाम्या ठेव. ब्लँक वजा करून ०.०२ च्या वर गेल्यावरच मोजायला सुरुवात कर. वरच्या बाजूलाही मर्यादा ठेव, दाट कल्चरमध्ये ओडी पेशींच्या प्रमाणात वाढत नाही. दाट कल्चर घे, मीडियात निम्मं, पाव, एक अष्टमांश करत जा आणि वाच, ओडीसुद्धा निम्मी निम्मी होते का बघ. जिथून खालती निम्मी निम्मी होते तिथपर्यंतच विश्वास ठेव. हे एका ओळीत वीस मिनिटांत होतं, प्लेट लावायच्या आधी करून घे.

निळा_पिवळा
एक वेगळं बोलतो. मला लाल आणि हिरवा वेगळे ओळखू येत नाहीत, जन्मापासून. एमएस्सीला असताना सेमिनारला समोर स्लाइडवर चार वक्र, लाल, हिरवा, तपकिरी, नारिंगी, आणि शेजारी रंगांची यादी, मला त्यात एकच रंग चार वेळा दिसायचा. मी कधी विचारलं नाही, लाज वाटायची. प्लीज तुझ्या आलेखात असं करू नकोस. आर मधल्या आलेखांना व्हिरिडिस नावाची रंगपट्टी आहे, जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत, उजळपणा चढत जातो, त्यामुळे आम्हालाही दिसते आणि काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरही दिसते, डिझर्टेशनची कॉपी झेरॉक्सच असते. एक्सेलमध्ये करणार असशील तर गडद निळा, नारिंगी, काळा आणि फिकट निळा घे, एक रेषा तुटक कर, आणि रंगांची यादी बाजूला देण्यापेक्षा प्रत्येक वक्राच्या टोकाशी पीएच ७, पीएच ८ असं तिथेच लिही. मग रंग दिसो न दिसो, वाचता येतं.

विरजण
हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आमच्या लॅबचा रोजचा चार्ट लाल-हिरवाच आहे, उद्या बदलते.

खारं_पाणी
सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, मध्ये बारा दिवस गेले. गाईडनी विद्यापीठाच्या सरांना फोन केला आणि मला तीन वेगवेगळे दिवस मिळाले, रोज नवीन कॉलनीवरून कल्चर. कडेला पाणी, आत ६० वेल, चारही पीएचचे प्रत्येकी तीन ब्लँक. पीएच १० चा फ्लास्क खिडकीपाशी धरून हलवला ताई, तुम्ही म्हणालात तसंच धुरासारखं उठलं तळातून, मी किती वेळ बघत उभी होते. आधी मी तोच फ्लास्क दहा वेळा हातात घेतला असेल पण दिसलं नव्हतं.

ब्लँक पीएच ७ ला ०.०९, ८ ला तेवढाच, ९ ला ०.०९४, आणि १० ला पहिले दोन तास थोडा खाली येत येत ०.१२८ वर थांबला. पीएच ९ ला जुन्या सी-५ चेच आकडे नव्या ब्लँकने परत केले तर ६० मिनिटांचे ५७ झाले, फार काही नाही. पण पीएच १० चं बघून धक्का बसला. जुन्या प्लेटच्या एका वेलमध्ये ४ तासांना ०.१५८, ६ ला ०.१८८, ८ ला ०.२४८ होतं. ०.०९ वजा केलं की डबलिंग टाइम तीन तास सतरा मिनिटं, ०.१२८ वजा केलं की ०.०३, ०.०६, ०.१२, म्हणजे बरोबर दोन तास. मी लिहिणार होते की पीएच १० ला याची वाढ तिपटीहून हळू होते. ती दुपटीच्या आसपासच हळू आहे, बाकीचा सगळा साका होता. नव्या तिन्ही दिवसांचे आकडेही दोन तासांच्या जवळच आहेत.

सगळं आधी एक्सेलमध्ये केलं, मग वेबसाइटवर तेच टाकलं आणि तुकडा स्वतः निवडला, दोन्हीकडे उत्तरं एकमेकांच्या जवळ आली. ग्रोथकर्व्हर पण मैत्रिणीच्या भावाच्या शेजारी बसून मी स्वतः चालवलं, टाइमचा कॉलम तासात करून. पीएच ७ च्या दोन वेलना नोटमध्ये संशयास्पद फिट आलं, उघडून बघितलं तर खरंच मध्ये थांबून परत चढलाय. तो भाग वेगळा लिहितेय.

तीन_वेल_म्हणजे_तीन_नव्हे
शाब्बास! पीएच ७ चा तो दुसरा चढ टाकून देऊ नकोस, तो तुझ्या कामातला सगळ्यात छान भाग ठरू शकतो. त्याच वेलमधून त्या वेळेला थोडं काढून ग्लुकोज तपासता आलं तर कळेल संपलं होतं का. कॉलेजमध्ये साखर मोजायची डीएनएसएची पद्धत असेलच.

जुना_मायक्रो
ग्लुकोजची तपासणी फ्लास्कमध्ये कर, प्लेटमधून २०० मायक्रोलिटरातून काढशील तर उरलेलं सुकेल. फ्लास्कमध्ये तोच वक्र परत येतो का हे आधी बघ, हलवणं वेगळं असतं, हवा वेगळी असते. आणि वाढलेल्या फ्लास्कचा पीएच शेवटी मोज, पीएच १० ने सुरू केलेला शेवटपर्यंत १० राहत नाही, आम्ल तयार होतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढला जातो. सुरुवातीचा पीएच १० असं लिही, नुसतं पीएच १० लिहू नकोस.

खारं_पाणी
मोजला सर आत्ताच, रात्रीच्या फ्लास्कचा. १० चा ९.३ झालाय. वाक्य बदलते.

आणि दोन जणांनी मेसेज करून एक्सेलची फाईल मागितली. त्यात पहिल्या पानावर प्लेटचा नकाशा, दुसऱ्यावर तासातली वेळ आणि कच्चे आकडे, तिसऱ्यावर वेळेनुसार त्या त्या पीएचचा ब्लँक वजा होतो आणि ०.०२ च्या खालचं आपोआप रिकामं राहतं, चौथ्यावर निवडलेल्या तुकड्याचा उतार. आलेखात रंग निळा_पिवळा यांनी सांगितलेले आणि नावं वक्राच्या टोकाशी. लिब्रेऑफिसमध्ये पण उघडते, तपासलं. आज रात्री माझे आकडे काढून रिकामी करून टाकते, ब्लँकच्या वेल तुमच्या कुठे आहेत ते फक्त पहिल्या पानावर भरायचं.